सब्जेक्टचा रकाना

आमची ही दहावी नापास आहे, हे जगात मोजून चार जणांना माहीत होतं. तिची आई, तिच्या तेव्हाच्या वर्गशिक्षिका, ती स्वतः आणि मी. मला तिनेच सांगितलं होतं, लग्नानंतर आठव्या दिवशी, कपबशा विसळताना, पाठमोरी उभी राहून. इंग्रजीत थोडक्यासाठी गेली आणि पुन्हा बसायचं राहून गेलं. मी म्हणालो, त्यात काय एवढं. ते मी अगदी मनापासून म्हणालो होतो आणि त्यानंतर चोवीस वर्षं आमच्या घरात तो विषय निघाला नाही.

आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तर याचा पत्ताच नव्हता. ती सध्या बाहेरगावी वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकते. शाळेत असताना तिचा एकेक मार्क कुठे आणि कसा गेला याची हिने जी चौकशी केलेली आहे, तशी आमच्या कार्यालयात गहाळ झालेल्या फायलींचीही होत नाही. आता अशा मुलीला आपण होऊन कोण सांगणार?

तर झालं असं. गेली तीन वर्षं ही जवळच्या शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून जाते. पुस्तकांना कव्हरं घालायची, सुटलेली पानं चिकटवायची, परत आलेली पुस्तकं ज्या त्या कपाटात लावायची. तिथल्या मुख्य ग्रंथपालबाई निवृत्त व्हायच्या होत्या. मुख्याध्यापकांनी हिला बोलावून सांगितलं की बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या तुम्हीच आहात, जागा तुम्हालाच द्यायची आमची इच्छा आहे, फक्त बाई जायच्या आत दहावीचं प्रमाणपत्र आणून द्या. ही म्हणाली, आणते. घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि मला म्हणाली, "अहो, मी परीक्षेला बसणार आहे. इंग्रजीचा एकच पेपर आहे. आणि हे पोरीला कळता कामा नये."

शाळेतच एक तरुण मॅडम शनिवार-रविवार दुपारी बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेत. त्यात नाव घालावं असं तिच्या मनात होतं. मी म्हणालो, घरात मी असताना क्लास कशाला? हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते मी बोललो, आणि जरा छाती काढूनच बोललो.

त्यालाही कारण होतं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात वरिष्ठ लिपिक आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं देतो आहे. लोकांना पाणी मिळतं की नाही ते पाहणारा विभाग वेगळा. उत्तर मात्र प्रत्येकाला मिळतं, आणि ते असं असतं की पुन्हा तक्रार करायची हिंमत कोणी सहसा करत नाही. अशा माणसाला दहावीचं इंग्रजी ते काय?

आम्ही रोज सकाळी सहा ते सात बसायचं ठरवलं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ती, एका बाजूला मी, मध्ये गाइड. नाम, सर्वनाम, क्रियापद इथपर्यंत माझी गाडी झकास चालली. मग अ‍ॅडव्हर्ब आलं. अ‍ॅडव्हर्ब म्हणजे नक्की काय, हे मला नीट सांगता येईना. शब्द रोज वापरावा आणि त्याची व्याख्या विचारली की आपण त्याला आयुष्यात कधी भेटलोच नाही असं वाटावं, तसं काहीसं झालं. पण शिकवणाऱ्याने अडखळायचं नसतं. मी नियम सांगितला, "ज्या शब्दाच्या शेवटी एल आणि वाय, ते अ‍ॅडव्हर्ब. डोळे मिटून लिही." तिने वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मग आले फिगर्स ऑफ स्पीच. या प्रांताशी माझा कधीच संबंध आला नव्हता, कारण पाण्याच्या तक्रारीला उत्तर देताना सिमिली लागत नाही. मी गाइडवरून भरभर नजर फिरवली. सिमिलीखाली दोनच शब्द ठळक छापलेले दिसले, लाइक आणि अ‍ॅज. मी म्हणालो, सोपं आहे, जिथे लाइक दिसेल तिथे सिमिली. आणि मेटाफर? मी म्हणालो, मेटाफर म्हणजे सिमिलीपेक्षा जरा वरच्या दर्जाचं. तिने विचारलं, म्हणजे कसं? मी घड्याळाकडे पाहिलं आणि ऑफिसला उशीर होतो आहे असं म्हणालो. सव्वासहा वाजले होते.

आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. शेजारी प्रूफकाका राहतात. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले, पण लाल पेन निवृत्त झालेलं नाही. जिन्यातल्या नोटिशीवर सुद्धा ते ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून खाली सही करतात. आमचं काय चाललं आहे ते त्यांना तिसऱ्याच दिवशी भिंतीतून कळलं आणि माहीतगार लोकांचा आकडा पाचवर गेला. त्यांचा सल्ला असा की समजून घेण्याच्या फंदात पडू नका, व्याख्या पाठ करा. पन्नास चिठ्ठ्या करून घरभर चिकटवा, येता-जाता डोळ्यांखालून जातात. त्याप्रमाणे आरशावर हायपरबोली आली, कपड्यांच्या कपाटावर अ‍ॅलिटरेशन आलं आणि न्हाणीघराच्या दारावर ऑक्सिमोरॉन आलं. त्या चिठ्ठीची शाई वाफेने ओघळली आणि माझ्या नव्या शर्टाच्या बाहीवर निम्मं ऑक्सिमोरॉन कायमचं उमटलं.

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हे पाठांतर पटलं नाही. उघड्या दारातून दिसलेल्या चिठ्ठ्या कसल्या म्हणून त्या विचारायला आल्या, म्हणजे आकडा सहा झाला. त्या म्हणाल्या, भाषा अशी येत नाही, घरात फक्त इंग्रजी बोला, एक रविवार करून बघा. हे आम्हा दोघांनाही पटलं. त्या रविवारी सकाळी सात वाजल्यापासून आमच्या घरात जी शांतता पसरली, ती लग्नापासून कधी अनुभवली नव्हती. चहा झाला, पेपर वाचून झाला, कोणी कोणाशी बोललं नाही. नऊच्या सुमारास मी गॅसजवळ बसून दाढी करत होतो. ती मागे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा गंभीर होता, ओठ हलत होते. ती म्हणाली, "मिल्क." मी म्हणालो, "येस." ती म्हणाली, "मिल्क इज..." आणि थांबली. मी शिक्षकाच्या सबुरीने वाट पाहिली. 'उतू जाणे' याला इंग्रजीत काय म्हणतात हे तिला आठवत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मिल्क इज गोइंग." तोवर ते गेलेलं होतं. गॅस विझला होता, दूध ओट्यावरून माझ्या पायजम्यापर्यंत पोचलं होतं आणि मग आम्ही दोघंही मराठीत बरंच काही बोललो.

त्याच दुपारी तिने शांतपणे सांगितलं की मी मॅडमच्या वर्गाला जाऊन बघते. मी म्हणालो, हरकत नाही, मी शिकवलेल्याची उजळणी होईल.

एक गोष्ट मात्र मी माझ्याकडेच ठेवली, ती म्हणजे परीक्षेचा अर्ज. मॅडमनी सांगितलं होतं की वर्गातच सगळ्यांचे अर्ज एकत्र भरून घेऊ. पण फॉर्म भरणं ही माझी विद्या. परका माणूस आमच्या घरचा फॉर्म भरणार हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी काळ्या शाईने, मोठ्या लिपीत, एकही खाडाखोड न करता तो अर्ज भरला आणि स्वतः टपालात टाकला.

तीन आठवड्यांनी मॅडमनी सराव परीक्षा घेतली. ही घरी आली, पेपर टेबलावर ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेली. पन्नासपैकी सतरा. 'फॅमिली' या शब्दापुढे तिने अ‍ॅडव्हर्ब लिहिलं होतं. जुलै महिन्यालाही अ‍ॅडव्हर्ब केलं होतं. सिमिलीचं उदाहरण द्या, तर 'आय लाइक टी.' त्याखाली लाल अक्षरांत मॅडमनी लिहिलं होतं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

माणसाला राग येतो तो दोन कारणांनी, चूक दुसऱ्याची असली तर आणि स्वतःची असली तर. दुसरा जास्त असतो. मी पुढच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून मॅडमना भेटायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पंधरा-वीस मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसली होती, त्यात ही दुसऱ्या रांगेत. मॅडम माझ्या मुलीपेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठ्या असतील. मी प्रस्तावना केली. माझी सव्वीस वर्षांची सेवा, माझा पत्रव्यवहार, आणि ज्या वाक्यात लाइक आहे त्याला सिमिली नाही म्हणणं हे गाइडच्या विरुद्ध कसं जातं, हे सगळं मांडलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, आय लाइक टी या वाक्यात चहाची तुलना कशाशी केली आहे?"

मी विचार केला. मी म्हणालो, मला आवडणाऱ्या इतर गोष्टींशी.

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. मॅडम हिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, तुम्ही सांगा. ही उठली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या लक्षात आलं. सिमिली म्हणजे आपली उपमा. आणि मेटाफर म्हणजे रूपक. मराठीत मला अलंकारांचे पैकीच्या पैकी होते. ह्यांचा आवाज भोंग्यासारखा आहे, ही उपमा. ह्यांचा आवाज म्हणजे भोंगाच, हे रूपक. आय लाइक टी म्हणजे नुसता चहा आवडतो."

मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर, आणि मला म्हणाल्या, आलाच आहात तर बसा की तासभर. मी शेवटच्या बाकावर बसलो. बसणं सोपं होतं, गुडघा बाकाखाली अडकल्यामुळे उठणं अवघड होतं, त्यामुळे मी सबंध तास ऐकला. आणि कबूल करतो, मला तो आवडला. ऑक्सिमोरॉन म्हणजे एकमेकांना न पटणारे दोन शब्द एकत्र बसवणं. मॅडमनी 'उघड गुपित' हे उदाहरण दिलं. माझ्या कपाटात गेली नऊ वर्षं 'तातडीची प्रलंबित प्रकरणे' अशी एक फाइल आहे, ती मला प्रथमच नीट दिसली.

त्यानंतर पॅसिव्ह व्हॉइस झाला. मॅडमनी सांगितलं की यात करणारा मागे पडतो, काही वेळा दिसतच नाही. 'फॉर्म भरण्यात आला.' कोणी भरला? माहीत नाही. असं वाक्य समोर आलं की आधी कर्ता शोधायचा, म्हणजे वाक्याचा सब्जेक्ट. मी चकित झालो. या प्रकाराला नाव असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या कार्यालयात कोणी काही करतच नाही, सगळं करण्यात येतं. चौकशी करण्यात येते, दखल घेण्यात येते, पाणी बंद ठेवण्यात येतं. मी पंचविशीपासून पॅसिव्हमध्ये राहत होतो.

घरी येताना ती एवढंच म्हणाली की भोंग्याचं उदाहरण ऐन वेळी सुचलं, मनात धरू नका. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला ती एकटी बसू लागली. मी चहा करू लागलो.

परीक्षा नऊ दिवसांवर आली तेव्हा प्रवेशपत्र आलं. पाकीट मीच फोडलं. नाव बरोबर, फोटो बरोबर. विषय या शब्दापुढे इंग्रजी असायला हवं होतं. तिथे छापलं होतं, 'रिगार्डिंग पर्मिशन टु अपिअर फॉर द एक्झा'. पुढे जागा संपली होती.

अर्जात 'सब्जेक्ट' असा एक रकाना होता. सव्वीस वर्षं मी सब्जेक्ट हा शब्द पत्राच्या डोक्यावर पाहिला होता आणि त्यापुढे नेहमी 'अमुक अमुक बाबत' असंच लिहिलं होतं. हात आपोआप चालला होता. थोडक्यात, परीक्षेला बसण्याच्या परवानगीबाबत या विषयात माझी बायको परीक्षेला बसणार होती.

तिने प्रवेशपत्र हातात घेतलं आणि वाचलं. खुर्चीत बसली आणि तिने वही मिटली. ती ज्या हळुवारपणे मिटली त्याने मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, उद्या रजा टाकतो, आपण दोघं परीक्षा मंडळात जाऊ.

मंडळाच्या चार नंबरच्या खिडकीत माझ्याच वयाचे, माझ्याच पद्धतीने चष्मा कपाळावर ठेवणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी प्रवेशपत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शेजारच्या टेबलावर वाचायला दिलं. ते तिसऱ्या टेबलापर्यंत जाऊन परत आलं. मग म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज द्या, इंग्रजीत, चूक कशी झाली ते लिहा. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिला. त्यातल्या मुख्य वाक्याचा अर्थ असा होता, की सदर रकान्यात अनवधानाने अयोग्य मजकूर लिहिण्यात आला असल्याचे निदर्शनास आले आहे. वाक्य सुरेख झालं होतं. आमच्या साहेबांनी त्यावर डोळे झाकून सही केली असती.

खिडकीतल्या गृहस्थांनी ते वाचलं आणि परत सरकवलं. म्हणाले, कोणाकडून? मी म्हणालो, लिहिण्यात आला. ते म्हणाले, ते वाचलं, कोणाकडून लिहिण्यात आला? मग त्यांनी समजावलं. चूक मंडळाची असेल तर प्रकरण समितीकडे जातं, तीन आठवडे लागतात. चूक उमेदवाराची असेल तर अर्ज रद्द होतो आणि पुढल्या परीक्षेला यावं लागतं. तिसऱ्याच माणसाने अर्ज भरला असेल आणि त्याने तसं लिहून दिलं, तर आजच्या आज दुरुस्ती होते. मी परत कागद घेतला आणि थोडा फेरफार करून लिहिलं, की उमेदवाराच्या वतीने अर्ज भरला जात असताना चूक घडून आली. तोही कागद परत आला. त्यांना राग आलेला नव्हता. त्यांच्या नजरेत ओळख होती. हेही सव्वीस वर्षं हेच लिहीत असणार.

ही इतका वेळ बाकावर बसली होती. ती उठून आली, माझ्या हातातला कागद वाचला आणि हळूच म्हणाली, "अहो, सब्जेक्ट कुठे आहे? मॅडम म्हणतात, आधी कर्ता शोधायचा."

मी म्हणालो, अगं, असं थेट लिहीत नाहीत, बरं दिसत नाही. चार नंबरच्या खिडकीवर दुपारच्या सुट्टीची पाटी लागायला सात मिनिटं होती.

मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'आय फिल्ड द फॉर्म. आय मेड द मिस्टेक. माय वाइफ डिड नथिंग राँग.' तीन वाक्यं. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकी छोटी वाक्यं लिहिलेली नाहीत. गृहस्थांनी वाचून मान हलवली, शिक्का मारला आणि अर्ध्या तासात दुरुस्त प्रवेशपत्र दिलं. ते देताना हलकेच म्हणाले, असा कागद या खिडकीवर बऱ्याच वर्षांत आला नव्हता. मला ते कौतुक वाटलं. ही म्हणाली की ते कौतुक नव्हतं, पण ती हसत होती.

परीक्षा झाली. निकालाला दीड महिना लागला. ग्रंथपालबाईंच्या निरोपाला चार दिवस राहिले असताना तो लागला. हिला अठ्ठावन्न मिळाले. प्रूफकाकांनी गुणपत्रिका भिंगातून पाहिली, तिच्यात एक स्वल्पविराम कमी आहे असं सांगितलं आणि डोळे पुसले. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्राची प्रत ठेवून घेतली आणि सोमवारपासून बाईंच्या टेबलावर बसा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी सुचवलं की आता हे सगळं मिटलं, पोरीला काही सांगायची गरज उरली नाही. ही म्हणाली, "आता तर सांगायलाच हवं," आणि फोन लावला. स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. नापास कधी झाले, का लपवलं, किती वर्षं लपवलं. मध्ये थांबली नाही.

मग मुलगी म्हणाली, "आई, माझा गणिताचा पेपर राहिलाय. गेल्या सत्रातला. मी पास म्हणून सांगितलं होतं तुम्हाला."

मी हिच्या तोंडाकडे पाहिलं. एकेका मार्काचा हिशेब मागणारी ही बाई आता काय म्हणते, या विचाराने मी खुर्ची जरा मागे घेतली. ती थोडा वेळ फोनवरची धूळ बोटाने पुसत राहिली.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"सहा महिने झाले. भीती वाटत होती."

"मला एकोणीस वर्षं लागली तुला सांगायला," ही म्हणाली. "त्या मानाने तू लवकर सांगितलंस. शनिवारी घरी ये. पुस्तक घेऊन ये, दोघी बसू. मला गणित येत नाही, पण शेजारी बसता येतं."

पलीकडे मुलगी रडत होती की हसत होती ते स्पीकरवर नीट कळत नव्हतं. अशा वेळी बापाने काहीतरी म्हणायला हवं. मी फोनकडे वाकलो आणि म्हणालो की गणित काही अवघड नसतं, रोज सकाळी सहा ते सात असं आपण दोघं बसलो तर मी तुला...

"नको," फोनमधून आणि फोनच्या शेजारून एकदमच आवाज आला.